ही बोट नको, पण बोट घ्या

प्रश्न : पुढच्या मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. वय ६२, मुक्काम मेरीलँड. लहानपण देवगडला गेलं, पण पाण्याशी संबंध तेवढाच. गेली दोन वर्षं रात्री जेवण झालं की जुन्या बोटींच्या जाहिराती बघत बसतो. आता एक मनात भरली आहे. ग्रँड बँक्स ३२ (आत राहता येईल अशी ३२ फुटी ट्रॉलर बोट), १९७९ची, एक डिझेल इंजिन, किंमत ३८,००० डॉलर. जाहिरातीत म्हटलंय : नव्या गाद्या, नवे पडदे, नवा टीव्ही, मूळ सागवानी डेक, इंजिन उत्तम. दलाल म्हणतो, आणखी दोघं बघून गेलेत. बायकोचं म्हणणं, त्या पैशात मोटरहोम घेऊ. तिला पोहता येत नाही. मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्हाला घरातला नळ दुरुस्त करता येत नाही.’ (खरं आहे.) मला ग्रेट लूप, म्हणजे पूर्व अमेरिकेला पाण्यातून प्रदक्षिणा, करायचा आहे. बोट दोघांच्या नावावर घ्यायची आहे. मी अमेरिकन नागरिक, तिचा पासपोर्ट अजून भारतीय. घेऊ का?
— उतावळा

उतावळेराव,

नाव तुम्हीच घेतलंत, म्हणून म्हणते. गुडघ्याला बाशिंग बांधून तयार आहात हे पत्रावरून दिसतंच आहे, तेव्हा उत्तर आधी आणि कारणं मागून. या किमतीला ही बोट घेऊ नका. पण बोट घ्या.

आम्ही आमची ३४ फुटी ट्रॉलर २०१३ साली घेतली, तेव्हा ती २९ वर्षांची होती. रत्नागिरीला भावाला फोन करून सांगितलं, ‘ट्रॉलर घेतला’. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, ‘मासे कुठे विकणार?’ त्याच्या डोळ्यांसमोर मिरकरवाड्याचं बंदर, जाळी, बर्फाचे क्रेट. तुमच्याही देवगडच्या नातेवाइकांना हे समजावून सांगावं लागेल, म्हणून तयारी ठेवा. या बोटीला जाळं नसतं. मासेमारीच्या ट्रॉलरसारखा जड, खोल, संथ सांगाडा तेवढा घेतलाय आणि वर राहायची सोय केली आहे.

‘संथ’ हा शब्द मनात नीट उतरू द्या. असा सांगाडा पाण्यावर उसळून धावत नाही, पाणी बाजूला सारत जातो, आणि त्याचा वेग पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो. ती लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ने गुणा. तुमच्या ३२ फुटीला साधारण ३१ फूट मिळतात, म्हणजे साडेसात नॉट ही वरची हद्द. इंजिन कितीही पिळलंत तरी त्यापुढे फक्त लाट मोठी होते आणि डिझेल जळतं. व्यवहारात सात नॉट धरा, म्हणजे ताशी १३ किलोमीटर. अॅनापोलिसहून सेंट मायकल्सला मोटारीने तासाभरात पोचता, बोटीने साडेतीन तास. त्या साडेतीन तासांत तुमच्या मनात ‘कधी पोचणार’ हा प्रश्न येणार असेल तर बायकोचं ऐका, मोटरहोम घ्या.

आता जाहिरात. जुन्या बोटीची जाहिरात वाचताना काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते बघायचं. तुमच्या जाहिरातीत ‘नवीन’ हा शब्द तीनदा आलाय : गाद्या, पडदे, टीव्ही. तिन्ही मिळून हजार-दीड हजार डॉलरचं काम, एका शनिवार-रविवारी होणारं. डिझेलच्या टाक्यांबद्दल एक अक्षर नाही. डेक मात्र ‘मूळ सागवानी’, आणि ते कौतुक म्हणून लिहिलंय.

या दोन गोष्टी एकमेकींना कशा खातात ते सांगते. ग्रँड बँक्स १९७३पर्यंत लाकडाच्या बनत, मग फायबरग्लासच्या. तुमची सिंगापूरच्या यार्डातली, फायबरग्लासची. पण डेकवर देखणेपणासाठी सागाच्या पट्ट्या बसवत, आणि त्या शेकडो स्क्रूंनी खालच्या फायबरग्लासमध्ये पिळलेल्या असतात. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सागाची छोटी बूच. ४५ वर्षं घासून घासून साग झिजतो, बुचं उडतात, पट्ट्यांमधलं काळं रबर सुटतं. मग एकेक स्क्रू म्हणजे पाणी आत जायचं एकेक भोक. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये गाभा असतो, तो भिजतो, कुजतो. हे डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळतं. माठ घेताना आपण बोटाच्या पेराने वाजवून बघतो ना, अगदी तसंच प्लॅस्टिकच्या हातोडीने डेक वाजवत जायचं. घट्ट जागी ‘टण्’ येतो, कुजक्या जागी ‘ठप्’. पहिल्यांदा ऐकाल तेव्हाच फरक कळेल, त्याला शिक्षण लागत नाही.

डेकमधून झिरपलेलं पाणी जातं कुठे? खाली. आणि खाली, इंजिनच्या दोन्ही बाजूंना, लोखंडी टाक्या. टाकीच्या सपाट माथ्यावर, विशेषतः डिझेल भरायच्या नळाभोवती, ते पाणी साचून राहतं. त्यामुळे या टाक्या बहुतेक वेळा वरून गंजतात. आतल्या डिझेलने नाही, बाहेरच्या पाण्याने. गंज आरपार गेला की तेच पाणी डिझेलमध्ये, आणि डिझेलमधलं पाणी म्हणजे इंजेक्टरचा (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीचा) काळ. टाकी बदलायची म्हटली तर ती दारातून निघत नाही. बोट तिच्याभोवती बांधलेली आहे. कापून तुकड्यांनी बाहेर काढायची, त्या जागी मावतील अशा लहान टाक्या बसवायच्या, नाहीतर इंजिनच हलवायचं. टाक्या आणि डेक ही दोन कामं यार्डाकडून करून घेतलीत तर बिल बोटीच्या किमतीला सहज गाठतं.

म्हणून दलालाला दोन ओळींची मेल करा : टाक्या मूळच्या आहेत की बदलल्या, बदलल्या असतील तर पावत्या आहेत का? आणि डेक कधी उखडून पुन्हा बसवलंय का? उत्तर ‘मूळच्या’ आणि ‘नाही’ असं आलं तर ३८,००० ही किंमत बोटीची नाही, बोटीच्या फोटोची आहे. एक तर त्यातून कामाचा खर्च वजा करून बोली लावा (दलाल नाक मुरडेल, मुरडू दे), नाहीतर उलटी बोट शोधा : गाद्या फाटक्या, पडदे विटलेले, साग काढून डेक साधं रंगवलेलं आणि टाक्या नव्या. ती ५०,०००ला मिळाली तरी स्वस्त पडेल. फोटोत ती चांगली दिसत नाही, त्यामुळे ‘आणखी दोघं’ तिच्याकडे फिरकलेले नसतात.

इंजिनाची मला काळजी कमी आहे. त्या वर्षीच्या ३२ फुटीत बहुधा फोर्ड लेहमन १२० असेल. विलायतेत बनलेलं फोर्डचं सहा सिलिंडरांचं डिझेल इंजिन, न्यू जर्सीच्या लेहमनने समुद्रासाठी तयार केलेलं. आवाज मोठा, तेल थोडं गाळणार, पण बैलासारखं राबतं. सुटे भाग आजही मिळतात. त्याचा एक विक्षिप्तपणा : इंजेक्शन पंपाला स्वतःचं वेगळं तेल असतं आणि ते दर ५० तासांनी बदलायचं असतं. बोट बघायला जाल तेव्हा मालकाला सहज विचारा, ‘पंपाचं तेल किती तासांनी बदलता?’ तो चटकन ‘पन्नास’ म्हणाला आणि तारखा टिपलेली वही दाखवली तर तुम्ही चांगल्या घरी आलात. तो ‘कुठला पंप?’ म्हणाला तर पुढचं काय ते समजा.

आणखी एक. ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा आणि पहिलं काम म्हणजे फरशीची फळी उचलायला सांगून इंजिनवर हात ठेवा. इंजिन थंड हवं. आधीच गरम करून ठेवलेलं असेल, तर ते थंडीत सुरू होताना काय नाटक करतं, किती धूर टाकतं, ते तुमच्यापासून लपवलंय. पाण्यात चाचणी घ्याल तेव्हा परत यायच्या वाटेवर पूर्ण थ्रॉटल द्यायला लावा, दहा मिनिटं. लेहमन मिनिटाला २,५०० फेऱ्यांपर्यंत जायला हवं आणि तापमानाचा काटा एका जागी ठरायला हवा. काटा सावकाश वर सरकत राहिला तर गार पाण्याची वाट कुठेतरी तुंबली आहे. मालक म्हणेल, ‘आम्ही इतकं जोरात कधी चालवतच नाही.’ हसा आणि थ्रॉटल तसंच धरा.

सर्व्हे, म्हणजे घेण्याआधी तज्ज्ञाने केलेली बोटीची तपासणी, हा वेगळाच अध्याय, पण थोडक्यात. बोट पाण्याबाहेर काढून केलेला सर्व्हेच सर्व्हे. सर्व्हेअर सॅम्स किंवा नॅम्स या संघटनांपैकी एकीचा सभासद असावा, आणि दलालाने सुचवलेला नसावा. इंजिनचा माणूस वेगळा. अनामत द्याल तेव्हा करारात ‘सर्व्हे आणि पाण्यातली चाचणी मला पसंत पडली तर’ ही अट लिहून घ्या. सर्व्हेअरच्या मागे दिवसभर फिरा, त्याला चहा पाजा, प्रश्न विचारा. आमच्या सर्व्हेअरकडून त्या एका दिवसात मी जे शिकले ते पुढच्या दोन वर्षांत शिकले नाही.

आणि हे सगळं करण्याआधी विमा कंपनीला फोन. लोक उलट करतात, बोट घेतात आणि मग विमा शोधतात. ४५ वर्षांची बोट आणि कधीही बोट नसलेला मालक, ही जोडी बऱ्याच कंपन्यांना नको असते. ज्या घेतात त्या सर्व्हे मागतात, वादळात बोट कुठे नेणार ते लिहून मागतात, कधी कधी कॅप्टनबरोबर काही तास शिकल्याचा दाखलाही. तो विम्यासाठी नाही मागितला तरी शिका. मेरीलँडमध्ये १ जुलै १९७२ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच सुरक्षिततेचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे, म्हणजे वयाने तुम्ही सुटता. लाटा मात्र जन्मतारीख विचारत नाहीत. (हे वाक्य माझ्या नवऱ्याचं, त्याला छापून हवं होतं.)

दोघांच्या नावावर घेण्याचं म्हणाल तर तटरक्षक दलाकडे बोटीची राष्ट्रीय नोंद करायला सगळेच मालक अमेरिकन नागरिक लागतात, त्यामुळे तो रस्ता तुमच्यासाठी बंद. राज्याकडे नोंदवा, तिथे नागरिकत्वाची अट नाही. मेरीलँड किमतीवर ५ टक्के कर घेतं, तो बजेटमध्ये धरा. कर्ज काढणार असाल तर बँका बऱ्याचदा राष्ट्रीय नोंदच मागतात, पण इतक्या जुन्या बोटीला कर्ज मिळणं तसंही अवघड. निवृत्तीत बोटीचं कर्ज नकोच.

मुलाच्या नळावर येते. तुम्ही कंसात ‘खरं आहे’ लिहिलंत म्हणून मला तुमच्याबद्दल आशा वाटते.

आमचं दुसरं वर्ष. ऑगस्टची दुपार, थॉमस पॉइंटचं दीपगृह डाव्या हाताला. १८७५ सालचं ते पाण्यात खांबांवर उभं असलेलं षट्कोनी घर तुम्ही फोटोत बघितलं असेल. मी चहा करत होते आणि मागच्या धुराड्याचा आवाज बदलला. नेहमी तो ओला असतो, भटभट आणि मध्ये चूळ भरल्यासारखा. तो कोरडा झाला, घसा बसल्यासारखा. नवऱ्याला ऐकू आलं नाही, त्याच्या हातात सुकाणू आणि डोक्यात जेवण. काटा लालकडे निघाला होता. इंजिन बंद केलं, नांगर टाकला. मी फळी उचलून खाली उतरले, तो वर इंजिनाचं पुस्तक वाचून दाखवायला बसला. समुद्राचं पाणी इंजिनपर्यंत ओढणाऱ्या पंपात रबराच्या पाकळ्यांचं तळहाताएवढं चक्र असतं. झाकण काढलं (सहापैकी एक स्क्रू खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाशी, पडला, तो अजून तिथेच असेल), तर दोन पाकळ्या गायब. जुन्या मालकाने दिलेलं सुटं चक्र कोऱ्या पाकिटात होतं. ते फोडून लावायला गेले तर अर्ध्या बोटाने मोठं. वेगळ्याच पंपाचं. पश्चिमेला ढग काळे होत होते, चेसपीकच्या उपसागरात उन्हाळ्याच्या दुपारी होतात तसे. टोइंगवाला अडीच तासांनी आला. वर्षाचं सदस्यत्व होतं म्हणून पैसे वाचले, ते पहिल्या दिवशीच घ्या. तुटलेल्या पाकळ्या पुढच्या आठवड्यात इंजिन गार ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेल्या सापडल्या.

मला त्याआधी पाना कुठल्या बाजूला फिरवायचा तेही नीट माहीत नव्हतं. मी ३० वर्षं बँकेत होते. आता ते चक्र मी २० मिनिटांत बदलते, आणि बोटीवरचा प्रत्येक सुटा भाग एकदा बसवून बघितलेला असतो. तेव्हा नळ येत नाही ही अडचण नाही. नळ शिकायची इच्छा नाही ही असेल तर अडचण. कारण दर वेळी मेकॅनिक बोलावलात तर तुमची पेन्शन त्याची होईल.

आकडे हवे असतील तर गेल्या वर्षीचे आमचे सांगते. मरीनातली जागा ४,३०० डॉलर. विमा १,२५०. हिवाळ्यात बोट बाहेर काढणं, तळ धुणं, इंजिनात आणि पाण्याच्या नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरणं, वसंतात परत पाण्यात सोडणं, सगळं मिळून २,१००. तळाचा रंग आणि जस्ताचे तुकडे ९००. (जस्त बोटीखाली मुद्दाम बसवतात, म्हणजे खारं पाणी पंख्याचं कांसं सोडून आधी त्याला खातं.) बाकी फुटकळ म्हणजे पंप, पाइप, फिल्टर, एक बॅटरी चार्जर, ते २,६००. डिझेल त्या मानाने कमी! वर्षाला जेमतेम सव्वाशे तास इंजिन चालतं, तासाला पावणेदोन-दोन गॅलन. हे मुरलेल्या बोटीचे आकडे आहेत. पहिल्या तीन वर्षांत आम्ही २७,००० ओतले, त्यामुळे ३८,०००ची बोट घेणाऱ्याने बँकेत निदान २०,००० वेगळे ठेवावेत असं माझं मत.

आता तुमच्या बायकोबद्दल, जे तुम्ही सगळ्यात कमी लिहिलंत. त्यांना विचारलंत का, की भीती पाण्याची आहे की तुमची? मोटरहोम बिघडलं तर रस्त्याच्या कडेला उभं राहतं, ही त्यांची बाजू चुकीची नाही. पण त्यांनी न बघितलेल्या गोष्टीला नाही म्हटलंय. वॉशिंग्टन राज्यात अॅनाकॉर्टेस आणि बेलिंगहॅमला जुन्या ट्रॉलर भाड्याने मिळतात, कॅप्टनसकट. एक आठवडा सॅन वॉन बेटांत काढा, सप्टेंबरात. खर्च होईल, पण तो तुमचा सगळ्यात स्वस्त सर्व्हे. पोहणं त्यांनी शिकावं, तुम्हीही उजळणी करावी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे परत वर चढणं. या बोटींच्या भिंती उंच असतात, साठीतला भिजलेला माणूस हाताच्या जोरावर चढत नाही. पाण्यातून हात पोचेल अशी शिडी हवी, आणि ती दोघांनी वापरून बघितलेली हवी. जुलै-ऑगस्टमध्ये चेसपीकला डंख मारणाऱ्या जेलीफिश असतात, सराव जूनमध्येच उरका.

आणि धक्क्याला लागताना सुकाणू त्यांच्या हातात द्या. सगळीकडे नवरा चाकावर आणि बायको दोर घेऊन उडी मारायला उभी, नवरा वरून ओरडतोय, हे चित्र मी दर रविवारी बघते. अक्कल उलटी आहे. दोराला लांब हात आणि जोर लागतो, चाकाला शांत डोकं. एका इंजिनाची बोट रिव्हर्समध्ये सरळ मागे जात नाही, बहुतेकींचा मागचा भाग डावीकडे सरकतो. एकदा ते अंगवळणी पडलं की त्याचाच उपयोग करून बोट धक्क्याला चिकटवता येते. मला ते जमायला एक उन्हाळा लागला. त्यानंतर आमच्याकडे ओरडणं बंद झालं, निदान पाण्यावर.

ग्रेट लूपचं स्वप्न ठेवा, तारीख नको. साधारण ६,००० मैल आहेत : किनाऱ्याचा आतला जलमार्ग, न्यूयॉर्कचे कालवे, पंचमहासरोवरं, शिकागोवरून नद्यांनी खाली आखातापर्यंत. वाटेत टाळता न येणारा एक पूल साडेएकोणीस फुटांवर आहे. तुमची डोलकाठी आडवी होते का, तेही बोट बघताना तपासा. पहिले दोन उन्हाळे चेसपीकमध्येच राहा. सरासरी खोली २१ फूट, चिखलाचा तळ, दर दहा मैलांवर शिरायला खाडी. चुका करायला याहून चांगली शाळा नाही.

दलालाचं उत्तर आलं की टाक्यांबद्दलची ओळ मला कळवा. आणि शनिवारी ती बोट बघायला जाणारच असाल, मी सांगून थांबणार नाही आहात, तर टॉर्च, प्लॅस्टिकची हातोडी आणि टाकायला झालेली पँट घेऊन जा. टाकीच्या माथ्यावर हात पोचायला पोटावर आडवं व्हावं लागतं. हात बाहेर काढल्यावर बोटांना तांबडं लागलंय का, ते उजेडात बघा.